मालूशेठचा रेडिओ

विनू, तू न्यू जर्सीत नातीला सांगतोस,
आम्ही पाहिलं होतं, टीव्हीवर, लाइव्ह.
मी फोनवर गप्प बसते.
इंदुरात तेव्हा टीव्ही कुठला?
आणि तू साडेतीन वर्षांचा,
माझ्या मांडीवर लाळ गाळत झोपलेला.

होता तो मालूशेठचा रेडिओ.
दुरुस्तीला आलेला.
इमली बाजारातल्या दुकानात अण्णांनी तो
शनिवारीच बरा केला होता,
पण शेठना निरोप धाडला,
एक व्हॉल्व्ह यायचाय अजून, मुंबईहून.
अण्णा जन्मात तेवढंच एक खोटं बोलले,
निदान मला ठाऊक असलेलं.

रविवारी रात्री एरियलची तार
धुण्याच्या दोरीवरून थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत.
फाटकांची नवी सून.
मिलमधले फिटर रज्जाकभाई.
पानवाला छोगालाल, आणि त्याचा लकवा झालेला बाप,
खाटेसकट उचलून आणलेला.
आणि भूगोलाचे शेवडे मास्तर,
कारण इंग्रजी फक्त त्यांना येत होतं.

खरखर.
मग एक आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.
पुन्हा खरखर.
मास्तर डोळे मिटून सांगत:
आता तीनशे फूट.
आता खाली दगड फार आहेत, जागा शोधतायत.
आता धूळ उडतेय.
खाटेवरून म्हातारा दर मिनिटाला,
"उतरी ग्या कंई?"
आणि छोगालाल, "ठेरो बा, उतरी रिया हे,"
जसे काही आम्ही महूच्या फलाटावर
कुणाला घ्यायला आलो होतो.

मध्येच आईला आठवलं.
ती पदर खोचून गच्चीवर गेली, चंद्र बघायला.
परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने.
"अहो, नाहीये. चंद्रच नाहीये."
आषाढातली षष्ठी. केव्हाच मावळला होता.
मास्तर म्हणाले, वहिनी, तो पृथ्वीच्या पाठीमागे आहे, जातो कुठे.
"म्हणजे आपण इथे जागे,
आणि तो दुसऱ्यांच्या अंगणात,"
एवढं बोलून ती चहा टाकायला गेली.

पावणेदोनला मास्तरांनी हात वर केला.
टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.
रज्जाकभाईंनी अर्धी बिडी विझवून कानामागे ठेवली.
म्हातारा काहीच विचारेना तेव्हा आम्ही घाबरलो,
पण तो रडत होता,
तोंडाच्या एकाच बाजूने.
फाटकांची सून हळूच म्हणाली,
"आता परत कसे यायचे हो ते?"
तिचं माहेर बेळगावला होतं.

सकाळी अण्णांनी रेडिओ फडक्याने पुसला,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधला.
तेव्हा म्हणे ते तिकडे चालत होते.
आपल्याकडे चिमणबागेपर्यंत चिखल होता,
अण्णाही चालतच गेले, सायकल हातात धरून.

बावीस वर्षांनी, एम. वाय. हॉस्पिटलात,
शेवडे मास्तरांनी मला खाटेजवळ बसवलं.
"सांगून ठेवतो तुला. त्या रात्री मला
एकच शब्द कळला होता, धूळ.
बाकीचं मीच घातलं.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते गं."

मी नंतर वाचलं, विनू.
दगड खरंच होते.
जागा खरंच शोधावी लागली होती.
हे मास्तरांना सांगायला गेले
तर त्यांच्या कॉटवर दुसराच कुणी माणूस
मोसंबं सोलत बसला होता.

तेव्हा तू खुशाल सांग, टीव्ही म्हण, लाइव्ह म्हण.
तिने विचारलं, चंद्र कसा दिसत होता,
तर मला फोन लाव.

मालूशेठ मात्र शेवटपर्यंत चार लोकांत सांगायचे,
अण्णांनी बिलात व्हॉल्व्ह लावलाच नाही,
मुंबईचा असूनसुद्धा.